शवासन सोडून पळणाऱ्यांसाठी

शवासन आलं की माझ्या वर्गातली निम्मी मंडळी मॅट गुंडाळायला लागतात. कुणाला डबा भरायचा असतो, कुणाची लोकल चुकत असते. "ताई, झोपायचंच तर घरी झोपू की!" हे वर आणखी. डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सकाळी जमणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. कुणाला बीपीची गोळी सुरू, कुणाची साखर काठावर. ज्या दुखण्याच्या भीतीने ही माणसं जिना चढून येतात, त्यावर ज्याचा उपयोग होतो तेच नेमकं सोडून जातात.

हे मी मनाचं सांगत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली 'अँजिऑलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापला. उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना त्यांनी रोज अर्धा तास शवासन करायला लावलं. शीर्षासन नाही, सूर्यनमस्कार नाहीत, नुसतं शवासन. ज्यांना औषध चालू नव्हतं त्यांचा सरासरी दाब (वरचा आणि खालचा मिळून काढतात तो) १३४ वरून १०७ वर आला. औषधाने दाब आटोक्यात होता त्यांची औषधाची गरज सुमारे एक तृतीयांशावर आली. सगळ्यांनाच उतार पडला असं मात्र नाही, आणि आजच्या मापाने ४७ माणसं म्हणजे फारच थोडी. तरी योगाचे फायदे रक्तदाबाच्या यंत्रावर मोजून पाहायचं कुणाला तरी सुचलं, आणि ते आमच्या लोकलच्या टप्प्यात, परळला, याचं मला अप्रूप आहे. त्याच्याही आधी, १९२४ साली, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि उड्डियान, नौली करणाऱ्यांच्या पोटात काय घडतं ते क्ष-किरणांनी तपासलं. आपल्याकडे योग चमत्काराच्या गोष्टींतून जेवढा आला, तेवढा प्रयोगशाळेतून आला असता तर बरं झालं असतं.

आता नुसतं पडून राहून दाब कसा उतरतो? धावपळीत, चिंतेत शरीर सदा सावध असतं: नाडी जलद, रक्तवाहिन्या आवळलेल्या, यकृतातून रक्तात साखर सोडलेली. संकट आलं तर हे उपयोगाचं. पण ऑफिस, कर्जाचे हप्ते आणि मुलांच्या परीक्षा यांच्यापायी वर्षानुवर्षं तसंच राहिलं की रक्तदाब आणि साखर दोन्ही चढत जातात. श्वास संथ झाला, त्यातही सोडायला जास्त वेळ घेतला, की शांत करणाऱ्या मज्जातंतूंचा जोर वाढतो आणि नाडी मंदावते. इटलीत २३ निरोगी माणसांवर केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. लॅटिन जपमाळ म्हणा की योगातला मंत्र, श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि दाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर होते, असं त्यात दिसलं. माझी आजी तुळशीची माळ घेऊन बसायची तेव्हा तिचा श्वास मोजायला हवा होता.

पण योगाच्या नावावर वाटेल ते खपवू नये. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे ४,००० भारतीय रुग्णांवर २४ रुग्णालयांत मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२० साली आले. योग करणाऱ्यांना अधिक बरं वाटलं, ते पूर्वीच्या दिनक्रमात अधिक चांगले परतले; मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात मात्र ठळक फरक सिद्ध झाला नाही. म्हणून "ताई, गोळी बंद करू का?" असं विचारणाऱ्याला मी रोजचं रीडिंग वहीत लिहून डॉक्टरांकडे न्यायला सांगते. गोळी कमी करायची तर ती त्यांनी. चालणंही सुटत नाही. संथ आसनांनी दम लागत नाही, आणि हृदयाला थोडा दम लागायलाच हवा. दाब चढा असेल तर शीर्षासन, श्वास कोंडून ठेवणं आणि जोरजोरातली कपालभाती माझ्या वर्गात बंद. काचबिंदू असलेल्यांनाही डोकं खाली, पाय वर करू देत नाही.

शवासनाला लागतं ते इतकंच: पाठीवर पडायचं, पायांत अंतर, हात शरीरापासून थोडे दूर, तळवे वर. श्वास पोटातून घ्यायचा. आत येणारी हवा नाकपुडीला गार लागते, बाहेर जाणारी कोमट. लक्ष तिथे ठेवायचं. मन भाजीबाजारात गेलं तर जाऊ द्यावं, लक्षात आलं की पुन्हा नाकावर आणावं. जमायला काही आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात दोघे-तिघे तरी घोरतात, आणि मी पायाच्या अंगठ्याला हात लावून त्यांना जागं करते. ते रागावतात, पण झोप घ्यायला रात्र आहे.