‘आपण त्यातले नव्हे!’

निगडी प्राधिकरणातील अथवा चिंचवडगावातील सुशिक्षित घरांत सायंकाळच्या वेळी जाऊन बसावे. कोणाचा मुलगा, कोणाची सून, कोणाचा जावई अमेरिकेत असल्याचे हमखास कानी पडते. हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांतून ही मंडळी तिकडे गेली. त्यामुळे वॉशिंग्टनला निघालेल्या फर्मानाचा ऊहापोह आमच्या माजघरात होतो, यात नवल नाही.

2017 च्या 27 जानेवारीस अध्यक्ष ट्रंप यांनी सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना नव्वद दिवस प्रवेशबंदी केली. मुसलमानांना देशात येऊच देऊ नये, असे ते 2015 च्या डिसेंबरातच जाहीरपणे बोलून चुकले होते. ही वार्ता आली तेव्हा आमच्या एका वयोवृद्ध आप्तांनी चहाचा पेला खाली ठेवीत समाधानाने म्हटले, “अहो, ते त्यांच्यासाठी. आपण त्यातले नव्हे!”

हे समाधान कितपत खरे, ते अमेरिकेच्याच इतिहासास विचारून पाहू.

त्या देशात 1790 च्या कायद्याने नागरिकत्वाचा अधिकार केवळ ‘गोऱ्या’ परकीयांस दिला होता; 1870 मध्ये त्यात आफ्रिकी वंशीयांची भर पडली. आशियातील मनुष्य कोठे बसवावा, हा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात चाकरी केलेले भगतसिंग थिंड यांनी हा प्रश्न वरिष्ठ न्यायालयापर्यंत नेला. थिंड हे शीख. परंतु त्या काळी तिकडे हिंदुस्थानचा प्रत्येक मनुष्य, मग तो शीख असो वा मुसलमान, ‘हिंदू’ म्हणूनच ओळखला जाई. त्यांच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावा. आम्ही उच्चवर्णीय, आर्यवंशीय. जातिबंधनामुळे आमचे रक्त शुद्ध राहिले. सबब आम्ही गोऱ्यांतच मोडतो, असा तो होता. 1923 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने तो साफ फेटाळला. सामान्य अमेरिकन मनुष्य ज्यास गोरा समजतो तोच गोरा, हा त्या निकालाचा इत्यर्थ. ज्या कुलीनतेचा अभिमान बाळगला, ती परक्याच्या दारी कवडीमोल ठरली.

निकालापाठोपाठ सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा सपाटा लावला. त्यात सखाराम गणेश पंडित हे एक होते. मूळचे अहमदाबादचे, पण नाव अस्सल मराठी वळणाचे असलेले हे गृहस्थ 1914 मध्ये लॉस एंजेलिस येथे नागरिक होऊन वकिली करीत. थिंड यांच्या वकिलांतही ते होते. ते स्वतःसाठी लढले. एका न्यायालयाने सर्व हकीकत पाहून दिलेला निर्णय पुढे मत पालटले म्हणून मोडता येत नाही, हा त्यांचा मुद्दा 1926 मध्ये अपील न्यायालयाने मान्य केला आणि पुढील वर्षी वरिष्ठ न्यायालयाने सरकारचे अपील ऐकण्याचे नाकारले. पंडितांना तारले ते उच्च वर्णाने नव्हे; सर्वांस सारख्या लागू असणाऱ्या कायद्याच्या तत्त्वाने. हिंदी लोकांना नागरिकत्वाचा मार्ग 1946 मध्ये खुला झाला. प्रवेशाचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते 1965 च्या कायद्याने.

आता पुन्हा 2017 कडे वळू. बंदीचे फर्मान निघून महिना उलटला नाही तोच, 22 फेब्रुवारीस, कॅन्ससमधील ओलेथ येथे श्रीनिवास कुचिभोतला या तेलुगू इंजिनियरास एका माथेफिरूने गोळी घालून ठार केले. मारेकऱ्याने त्यांना इराणी समजले होते. द्वेष जन्मपत्रिका पाहून वार करीत नाही.

न्यायदृष्ट्या हेही सांगितले पाहिजे की, अमेरिकेतील असंख्य लोक त्या बंदीविरुद्ध विमानतळांवर उभे राहिले, वकिलांनी अडकलेल्या प्रवाशांची बाजू घेतली, न्यायाधीशांनी पहिले फर्मान काही दिवसांतच थोपविले. तथापि सुधारलेले फर्मान 2018 च्या जूनमध्ये वरिष्ठ न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी टिकले. 2021 मध्ये नव्या अध्यक्षांनी ते रद्द केले. 2025 च्या जूनमध्ये बारा देशांची नवी यादी निघाली, आणि सप्टेंबरात आमच्या मुलांच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचा आकार बसला. त्यात धर्माचा उल्लेख नाही. पण परका नकोसा वाटू लागला, की यादी पहिल्या नावापाशी थांबत नाही.

आणि आपले दार? चाकणच्या कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशापासूनचे कामगार राबतात. कित्येक तरुण या परिसरात बिऱ्हाड शोधीत हिंडतात. भाडेकरूचे आडनाव ऐकताच “खोली दिली गेली” असे सांगणारी घरे आपल्यात नाहीत काय? न्यू जर्सीत मुलास कोणी घर नाकारले, तर आपण त्यास वर्णद्वेष म्हणू. मग स्वतःच्या जिन्यात त्याच वर्तनास निराळे नाव कसे देता येईल?

आप्तांना आम्ही त्या दिवशी काहीच उत्तर दिले नाही. वयाचा मान राखला खरा. परंतु मौन राखावयास नको होते, असे आज वाटते.