गुरूचं नाव दाबाला

लोणावळ्याला उतरलेला माणूस आधी चिक्कीच्या दुकानाकडे वळतो. त्याच गावात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं आणि योगाला प्रयोगशाळेत नेऊन बसवलं.

पूर्वाश्रमीचे ते जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या तालमीत घडलेले, अमळनेरला शिक्षक. योग शिकले नर्मदाकाठी मालसरला, परमहंस माधवदासजींकडे. गुरूंवर श्रद्धा पूर्ण, पण पोट आत ओढल्यावर आत नेमकं काय होतं हा प्रश्न काही त्यांना स्वस्थ बसू देईना. लोणावळ्याला येण्याआधीच बडोद्यात त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांचे क्ष-किरण फोटो काढून घेतले होते.

बस्तीचंच पाहा. योगी पाण्यात बसून गुदमार्गाने पाणी वर ओढत. ऐकणाऱ्याला वाटे, सिद्धीच ही! कुवलयानंदांनी दाब मोजला. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून पाणी आपसूक आत शिरतं. चमत्कार गेला, कारण हाती लागलं. या निर्वात स्थितीला त्यांनी नाव दिलं ते गुरूंचं: ‘माधवदास व्हॅक्यूम’. इतकी नेमकी गुरुदक्षिणा माझ्या तरी ऐकिवात नाही.

हे सारं ‘योगमीमांसा’ या त्यांच्या नियतकालिकात फोटो आणि आकड्यांसह छापून येई. १९२७ साली रक्तदाबाने आजारी पडलेल्या गांधीजींनी पत्रांतून त्यांचा सल्ला घेतला. पुढे लोणावळ्यात योगोपचारांचं रुग्णालयही उभं राहिलं. दमा, मधुमेह, रक्तदाब असली वर्षानुवर्षं सोबत करणारी दुखणी घेऊन लोक तिथे येऊ लागले. अशा रोग्याला गोळी तर लागतेच. पण भीती, झोप, श्वास यांकडेही कुणीतरी पाहावं लागतं. शवासनाचा उपयोग इथे. मात्र आसनं सुरू झाली म्हणून कुणी परस्पर गोळ्या बंद केल्या, तर तो दोष योगाच्या माथी मारू नये.

प्राणायामाने जास्त ऑक्सिजन मिळतो, असं तेव्हाही सांगितलं जाई. कुवलयानंदांनी श्वासातली हवा तपासली. साध्या खोल श्वसनापेक्षा प्राणायामात ऑक्सिजन जास्त मिळतो असं काही दिसलं नाही. त्याचं मोल मज्जासंस्थेवरच्या परिणामात आहे, असं त्यांनी स्वतःच लिहून टाकलं. सकाळी बागेत भरणाऱ्या योगवर्गांत ऑक्सिजनची गोष्ट अजून सांगतात.