आधी भट्टी भाजते

लाकडाच्या भट्टीचे फोटो सगळे एकाच छापाचे असतात. रात्रीची वेळ, धुराड्यातून हातभर वर आलेली ज्वाळा आणि लाल उजेडात घामानं निथळणारा कुंभार. प्रदर्शनात तो फोटो लावला की गर्दी तिथेच थबकते. नव्या भट्टीची खरी धमाल मात्र काडी ओढण्याच्या आधीच होऊन गेलेली असते. भंगारातल्या विटा, गवंड्याशी वाद आणि भिंतीतली ओल यांचे फोटो कोण काढणार?

आमची मैत्रीण आणि तिचा नवरा, दोघंही नोकरी सोडून मातीकामात पडलेले. मुळशीकडे घरामागच्या पडीक तुकड्यात त्यांनी स्टोनवेअरची भट्टी बांधायला घेतली, तेव्हा आम्ही काही जण बिनपगारी मजूर म्हणून हजर झालो. आराखडा फ्रेड ओल्सनच्या पद्धतीचा होता. खाली लाकूड जळायची जागा, तिच्या वर भांड्यांचं दालन आणि मागे धुराडं. जपानमध्ये शिकून आलेल्या या अमेरिकन कुंभाराचं ‘द किल्न बुक’ १९७३ मध्ये निघालं, आणि भट्टीच्या नादी लागलेल्या कुणाच्याही घरी ते चिखलाच्या बोटांच्या ठशांसकट सापडतं.

पहिला किस्सा विटांचा. गावचा कुंभार आवा लावतो तेव्हा मडकी साधारण ७०० ते ९०० अंशांवर भाजून निघतात. स्टोनवेअरला १,२५० ते १,३०० अंश लागतात. त्या आचेत बांधकामाची लाल वीट मऊ पडून बसते, म्हणून फायरब्रिक हवी. नव्या विटांचा भाव ऐकून सगळ्यांचे चेहरे पडले. मग कुणीतरी भंगारवाल्याचं नाव काढलं. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम संपला की बॉयलरची दुरुस्ती निघते, आणि जुन्या विटा भंगारात येतात. २३० बाय ११५ बाय ७५ मिलिमीटरची ती जाड, पिवळट वीट. काहींच्या एका अंगाला राखेनं चढवलेला काचेसारखा थर असतो. तो भाग बाहेरच्या बाजूला ठेवायचा, एवढंच.

ढिगातून वीट निवडायची तर डोळ्यांनी भागत नाही, वाजवून घ्यावी लागते. ठणठणीत वाजली तर घ्यायची, बद्द आवाज आला की आत चीर आहे असं समजून टाकायची. आमच्या मदतीला गावातले एक वयस्कर कुंभार आले होते, त्यांना सगळे तात्या म्हणत. ते ढिगाशेजारी बसून विटा वाजवायला लागले तसा भंगारवाला वैतागला. “तात्या, वीट आहे, मडकं नाही.” तात्या मान वर न करता म्हणाले, “गोरोबाकाकांनी संतांची डोकी वाजवून घेतली, तुझ्या विटंचं काय घेऊन बसलास?”

गवंडीकामासाठी जे मिस्त्री आले त्यांची हयात बंगल्यांचे स्लॅब टाकण्यात गेलेली. सिमेंट लागणार नाही हे ऐकताच त्यांनी थापी खाली ठेवली.

“ताई, सिमेंट नाही म्हणता, मग विटा धरणार कशानं?”

“वजनानं.”

“आणि पडली म्हंजे नाव कुणाचं? माझं.”

त्यांचं चुकीचं होतं असं नाही. त्यांच्या अनुभवात सिमेंटनं कधी दगा दिलेला नव्हता. पण सिमेंट घट्ट होतं ते पाणी रासायनिक रीतीनं आत बांधून घेऊन, आणि पाचशेच्या आसपास ते पाणी सुटलं की जोड भुसभुशीत होतात. म्हणून फायरक्ले आणि बारीक चाळलेली भाजक्या मातीची पूड, ताकासारखी पातळ कालवून, वीट त्यात बुडवायची आणि बसवायची. अर्धा इंच मसाला भरायची सवय असलेल्या हाताला हे पटेना. शेवटी तात्यांनी मध्यस्थी केली. “मिस्त्री, ही भिंत तापली की फुगणार, निवली की आकसणार. तिला हलायला जागा ठेवा.” त्यानंतर मिस्त्रींनी इतके बारीक सांधे काढले की आम्ही नुसते बघत राहिलो.

कमानीचा आकार ठरवायला साखळी लागते. दोन खिळ्यांना टोकं अडकवून ती सैल सोडायची, जो झोल पडेल तो प्लायवुडवर गिरवायचा आणि उलटा करायचा. लोंबणाऱ्या साखळीत नुसता ताण असतो, उलट्या कमानीत नुसता दाब, त्यामुळे वीट विटेला धरून ठेवते. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकला हे उमगलं, पण दुसऱ्या कुणी श्रेय लाटू नये म्हणून त्यानं ते अक्षरं उलटसुलट करून लॅटिन कोड्यात छापलं. उत्तर बाहेर आलं ते त्याच्या मृत्यूनंतर, १७०५ मध्ये. आमच्याकडे साखळी मिळाली ती घरच्या कुत्र्याची. दुपारभर तो सुतळीला बांधलेला होता, आणि सुतळी त्यानं तासाभरात चावून तोडली.

कमान रचून झाली. आता आतलं लाकडी सेंट्रिंग काढायचं, म्हणजे खालच्या पाचरी ठोकून बाहेर घ्यायच्या. मिस्त्रींनी सगळ्यांना लांब उभं केलं, नारळ फोडला, आणि हातोडा दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. शेवटची पाचर निघाली तशी कमान दोन सूत खाली बसली आणि थांबली. कुणी काही बोलायच्या आत मिस्त्री वर चढले, मधोमध उभे राहून दोन उड्या मारल्या आणि उतरून म्हणाले, “धरलं. सांगा आता सिमेंटवाल्यांना.”

इथून पुढे काम संपलं असं सगळ्यांना वाटतं. भट्ट्या बिघडतात त्या इथेच. विटा, जोडातली माती, वरून थापलेला भाताचं तूस घातलेला जाड गिलावा, या सगळ्यांत मिळून पाणी किती असतं याचा अंदाज बाहेरून येत नाही. हात लावला तर कोरडं ठक्क. पण पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा मागते. आच घाईनं वाढवली की ती जागा वाफ स्वतःच करून घेते, भिंतीला तडा पाडून. म्हणून पहिली आच भांड्यांसाठी नसते, ती भट्टीसाठी असते. राखेच्या खणात चार काटक्यांचा जाळ, तोही पेटता ठेवायचा म्हणून. धुराड्याचा डॅम्पर उघडा, दाराच्या विटा सैल.

या कामावर घरातल्या सासूबाईंनी आपण होऊन ताबा मिळवला. त्यांची युक्ती साधी होती. रोज सकाळी झरोक्यासमोर हातातला छोटा आरसा धरायचा. आरशावर वाफ धरली की निकाल जाहीर, “अजून घामेजलेली आहे. नाही पेटवायची.” मुलगा आतून धुमसत असायचा, कारण मृगाचे ढग दिसायला लागले होते आणि उघड्यावर रचलेलं लाकूड भिजलं असतं. त्यानं एकदा चक्क तापमापकाचा आकडा दाखवून वाद घातला. सासूबाई म्हणाल्या, “तुझा आकडा आतल्या हवेचा. भिंतीचं काय?” याला उत्तर नव्हतं. विकतचं कोणतंही यंत्र त्या टप्प्यावर आरशाहून जास्त काही सांगत नाही, असं माझं मत आहे.

तेवढ्यात दुसरी कामं उरकली. शेल्फवर पांढरा वॉश लावायचा. तो निम्मा अ‍ॅल्युमिना, निम्मा केओलिन. तो नसला तर वितळलेलं ग्लेझ शेल्फला चिकटतं आणि मग छिन्नीशिवाय इलाज नाही. प्रत्येक भांड्याच्या बुडाला त्याच दोन पदार्थांच्या मळलेल्या गोळ्या लावायच्या. हे काम मुलांना द्यावं, ती मोठ्यांपेक्षा सारख्या गोळ्या वळतात. पोलीस पाटलांना आणि शेजारच्या वाड्यांना आधी सांगून ठेवायचं, नाहीतर रात्री धुराड्यावरची ज्योत पाहून कुणीतरी अग्निशमन दलाला फोन लावतंच.

लाकडाचं प्रकरण स्वतंत्र लेखाचं आहे. पुदुच्चेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, तिथे शिकून आलेली मंडळी सुरूच्या लाकडाचे गोडवे गातात. आमच्याकडे सुबाभूळ आणि वखारीतली सालपटं. शेवटच्या शंभर-दीडशे अंशांसाठी हुकमी माल म्हणजे आंब्याच्या पेट्यांच्या पातळ फळ्या, कारण त्या पेटतात तशा लांब ज्वाळेनं जळून जातात. तरी लाकूड पुरेल का ही धास्ती असतेच. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये बर्नार पालिसीचं सरपण ऐन वेळी संपलं, तेव्हा त्यानं बागेतले खांब, मग घरातली टेबलं आणि जमिनीच्या फळ्या भट्टीत घातल्या, आणि १५८० च्या पुस्तकात ते स्वतः लिहूनही ठेवलं. ही गोष्ट जेवताना निघाली. सासूबाई म्हणाल्या, “माझ्या चौरंगाला हात लावलात तर बघा.”

आत काय रचायचं यावरून एक छोटं भांडण झालं. एका मैत्रिणीला आहेराचा डिनर सेट याच भट्टीत हवा होता. नाही म्हणून सांगितलं. पहिल्या भट्टीत कान वाकडे झालेले कप, ग्लेझच्या चाचणीपट्ट्या, मुलांच्या पणत्या असलं सामान घालतात. बर्नार्ड लीच आणि शोजी हमादा यांनी १९२० मध्ये इंग्लंडच्या सेंट आइव्ह्‌समध्ये जी भट्टी बांधली तीही फार काळ टिकली नाही. नंतर जपानहून मात्सुबायाशी आले आणि त्यांनी तीन दालनांची चढती भट्टी बांधली, ती पुढे अनेक दशकं चालली. हमादांसारख्यांना जर पहिली भट्टी पचली नाही, तर आहेराचं ताट तिच्या तोंडी कशाला द्या?

आरसा कोरडा निघाला त्या दिवशी पेटवायला घेतली, आणि सगळा धूर धुराडं सोडून आमच्याच तोंडावर आला. थंड धुराड्यात गार हवेचा बोळा बसलेला असतो. तात्यांनी धुराड्याच्या तळाची एक वीट सरकवून पेटतं वर्तमानपत्र आत सारलं. धूर मुकाट्यानं वर गेला. तात्यांनी आयुष्यात धुराड्याची भट्टी लावलेली नव्हती, आव्याला धुराडं नसतंच. विचारलं तर म्हणाले, “चूल पेटवत नाही का तुम्ही?”

पुढचे तास संथ असतात. ५७३ अंशांवर मातीतल्या गारगोटीचे स्फटिक एकदम फुगतात, तिथे घाई केली की भांडी तडकतात, तेव्हा तो टप्पा हळू काढायचा. रात्री मात्र तापमान हजाराच्या पुढे अडलं. तरुण मंडळींनी लाकूड कोंबायला सुरुवात केली आणि आकडा खाली येऊ लागला. नवख्यांना हे कळत नाही, पण जास्त लाकूड घातलं की हवा कोंडते, निखाऱ्यांचा थर जाळीपर्यंत चढतो आणि भट्टी धूर ओकत थंड होते. तात्यांनी सगळ्यांना मागे घेतलं, निखारे ओढून काढले, आणि मग काळा धूर निवळून धुराड्यावरची ज्योत आखूड झाली की दोनच फळ्या, असा ठेका धरला. आकडा चढू लागला.

भट्टी किती भाजली हे सांगतो तो शंकू. जर्मनीत हेरमान झेगरनं १८८६ मध्ये आणला, अमेरिकेत एडवर्ड ऑर्टननं १८९६ मध्ये. ठरावीक आच ठरावीक वेळ मिळाली की तो वाकतो. पहाटे वरच्या शेल्फवरचा ९ नंबर वाकला. खालचा ५ नंबर तसाच ताठ उभा होता. नव्या भट्टीला हे चालायचंच. पुढच्या खेपेला जाळीवरच्या दोन विटा हलवून ज्वाळेची वाट बदलायची, असं वहीत लिहून ठेवलं. कमानीला केसाएवढ्या चिरा पडल्या, त्या निवल्यावर मिटल्या. मिस्त्री मुद्दाम बघायला आले आणि शेजारच्या गावात आपण “बिनसिमेंटची भट्टी” बांधल्याचं सांगत सुटले. त्यांना आता दुसरं कामही मिळालंय.

तुमच्या ओळखीत कुणी पहिली भट्टी लावणार असेल तर त्यातल्या भांड्यांची ऑर्डर देऊ नका. जाताना सुकं लाकूड न्या, रात्रभर जागणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरी न्या. आणि दुसऱ्या दिवशी “उघडली का?” असा फोन करू नका. आतलं तापमान शंभराच्या खाली यायच्या आधी दार काढलं, तर नीट भाजलेलं भांडंही गार हवेनं चिरतं.