समलिंगी संबंध, पाळकीय सेवा आणि चर्चमधील मतभेद: काही गैरसमज

इंग्लंडमधील किंवा अमेरिकेतील चर्चने समलिंगी जोडप्यांविषयी एखादा निर्णय घेतला, की तो रायपूरच्या गुढियारीत राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबालाही आपोआप लागू होतो, असा समज अनेकांचा असतो. परंतु चर्चची रचना पाहता तो टिकत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सी.एन.आय., हे सहा प्रॉटेस्टंट परंपरा एकत्र येऊन 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालेले स्वायत्त चर्च असून, छत्तीसगडची डायोसिस, म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालील मंडळ्यांचा समूह, त्याचाच घटक आहे. येथे अंतिम निर्णय सिनॉडचा, म्हणजे बिशप, पाळक आणि सामान्य सभासद ज्यात एकत्र बसतात त्या सर्वोच्च सभेचा असतो. भारतातील मेथडिस्ट चर्चही 1981 पासून स्वायत्त असल्यामुळे, अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चने 2024 मध्ये समलिंगी व्यक्तींच्या पाळकदीक्षेवरील बंदी उठवली, तरी येथील नियम त्यामुळे बदलले नाहीत.

सी.एन.आय. जागतिक अँग्लिकन परिवारातही सामील आहे, आणि त्या परिवाराच्या बिशपांच्या लँबेथ परिषदेने 1998 मध्ये संमत केलेला ठराव हा जणू कायदाच आहे, असे मानले जाते. वस्तुतः या परिषदेला घटक चर्चवर बंधनकारक कायदे करण्याचा अधिकार नाही. तिचे वजन नैतिक आहे. 526 विरुद्ध 70 मतांनी संमत झालेल्या त्या ठरावाने समलिंगी आचरण पवित्र शास्त्राशी विसंगत ठरवले आणि अशा संबंधांत असलेल्यांना दीक्षा देण्यास अनुमोदन नाकारले, हे खरे आहे. मात्र त्याच ठरावात समलिंगी व्यक्तींचे अनुभव ऐकण्याचे वचन आणि त्यांच्याविषयीच्या अविवेकी भीतीचा निषेधही आहे. पहिला भाग वारंवार उद्धृत होतो आणि दुसरा विस्मरणात जातो, ही या साऱ्या वादातील सर्वांत वेदनादायक उणीव आहे, कारण ऐकण्याचे वचन पाळण्यासाठी कोणालाही आपली श्रद्धा सोडावी लागत नव्हती.

सेवकाईविषयीचा गैरसमज याहून खोल आहे. पारंपरिक अँग्लिकन भूमिका समलिंगी ओढ असलेल्या प्रत्येकाला पाळकपद नाकारते, असे नाही. ती ओढ आणि आचरण यांत भेद करून अशा पाळकाकडून ब्रह्मचर्याची अपेक्षा ठेवते. कागदावर स्वच्छ दिसणारा हा भेद प्रत्यक्षात ज्याला आयुष्यभर एकट्याने वाहावा लागतो, त्याच्यासाठी तो फार जड असतो.

मतभेद म्हणजे फूट, या समजाला सी.एन.आय.चा स्वतःचा इतिहासच उत्तर देतो. एकत्रीकरणाच्या वेळी काही परंपरा तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत होत्या, तर बॅप्टिस्ट आणि ब्रदरन परंपरा समजत्या वयात श्रद्धा कबूल करणाऱ्यालाच तो देत होत्या. शतकानुशतकांचा हा वाद मतदानाने निकालात न काढता दोन्ही पद्धती मान्य करण्यात आल्या आणि पाळकाच्या सद्सद्विवेकाला जागा ठेवण्यात आली. अर्थात हा दाखला जसाच्या तसा लागू पडत नाही. बाप्तिस्मा देण्यासाठी दुसरा पाळक बोलावता येतो. बिशप मात्र साऱ्या डायोसिसचा असतो, आणि म्हणूनच 2003 मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरचे बिशप म्हणून उघडपणे समलिंगी संबंधात असलेल्या जीन रॉबिन्सन यांचा अभिषेक झाल्यावर जागतिक परिवाराला बसलेला हादरा आजही ओसरलेला नाही.

भारतातील सर्व चर्च समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 च्या बाजूने उभी होती, हेही खरे नाही. असे संबंध गुन्हा नाहीत, असे ठरवणाऱ्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालाला आव्हान देणाऱ्यांत अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल होत्या. याउलट मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी 2013 मध्ये कॅथलिक चर्च समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही, असे स्पष्ट सांगितले, आणि नागपुरात मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाने लैंगिकतेवर चर्चा घडवून आणली. मात्र गुन्हेगार न मानणे म्हणजे विवाह मान्य करणे नव्हे. पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने 18 डिसेंबर 2023 रोजी निघालेल्या व्हॅटिकनच्या घोषणापत्रानेही समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. उपासनाविधीबाहेरच्या साध्या आशीर्वादाचीच मुभा दिली.

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले, तरी 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात विवाहाचा हक्क मान्य केला नाही. त्यामुळे रायपूरमधील पाळकाला असा विवाह कायदेशीररीत्या लावता येत नाही. पाळकदीक्षेचा प्रश्न मात्र न्यायालयाने सोडवायचा नसून चर्चच्या सिनॉडनेच हाताळायचा आहे.