गुडघाभर पाण्याची तटबंदी

२९ ऑक्टोबर १९१४ ची रात्र. बेल्जियमच्या नीउपोर्ट गावात हेन्ड्रिक गेरार्ट नावाचा एक नावाडी मूठभर सैनिकांना घेऊन कालव्याच्या दारांपाशी पोचला. जर्मन फौज हाकेच्या अंतरावर होती. समुद्राला भरती येत होती. त्यांनी दारं वर खेचली, तसं उत्तर समुद्राचं पाणी शेतांत शिरू लागलं. ओहोटी लागण्याआधी दारं पुन्हा खाली. पुढच्या रात्री परत तेच.

ही दारं बांधली होती नेमकी उलट्या कामासाठी. तिथली शेतं भरतीच्या पातळीपेक्षा खाली, पण ओहोटीच्या पातळीपेक्षा वर आहेत. म्हणून एरवी भरतीला दार बंद ठेवायचं आणि ओहोटीला उघडून शेतातलं पाणी समुद्रात सोडायचं. गोव्याच्या खाजण-शेतांतल्या मानशी नावाच्या दारांचं कामही हेच. गेरार्टने फक्त वेळापत्रक फिरवलं.

पाणी शत्रूच्याच अंगावर जावं, याची तजवीज आधीच झाली होती. नीउपोर्ट ते डिक्समाउडं या रेल्वेमार्गाच्या भरावाखालच्या मोऱ्या बेल्जियन सैनिकांनी बुजवून टाकल्या होत्या. भरावाच्या अलीकडे त्यांची फौज, पलीकडे पाणी. जर्मन सैनिकांच्या पायाखाली आधी नुसता चिखल झाला, मग खंदक भरले, आणि महिना संपता संपता त्यांना मागे हटावं लागलं. हे पाणी पुढे चार वर्षं हटलं नाही. गेरार्टचा चेहरा १९५० मध्ये बेल्जियमच्या हजार फ्रँकच्या नोटेवर आला.

या युक्तीचं शास्त्र पक्कं केलं ते शेजारच्या डच लोकांनी. १८१५ पासून त्यांनी ८५ किलोमीटर लांबीची नवी जलरेषा उभारली. तिच्यात पाणी किती सोडायचं? जेमतेम ४० सेंटिमीटर. याहून खोल पाण्यात शत्रू होड्या घालेल. एवढ्याशा पाण्यात होडी तळाला घासते. चालत यावं, तर रस्ता कुठे संपला आणि चर कुठे सुरू झाला हे कळत नाही. पुढचं पाऊल गळ्याएवढ्या पाण्यात पडू शकतं. जे उंच बांध आणि रस्ते कोरडे राहतात, त्यांच्या तोंडाशी किल्ले बांधले.

वेळ आल्यावर दार चटकन उघडायलाही हवं. पाण्याचा लोंढा समोरून रेटत असताना ते हलवणं कठीण. यान ब्लांकन या अभियंत्याने पंख्यासारखा दरवाजा बनवला: कोनात जोडलेली दोन दारं, त्यांतलं एक अधिक रुंद. त्याच्यामागच्या कोठडीत पाणी सोडलं, की रुंद दारावरचा दाब भारी पडतो आणि पाणीच पाण्याविरुद्ध दार ढकलतं.

थंडीवर मात्र इलाज नव्हता. १६७२ च्या डिसेंबरात डचांच्या आधीच्या, जुन्या जलरेषेवर बर्फ धरला आणि फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं सैन्य त्यावरून चालत निघालं. ऐन वेळी बर्फ वितळल्याने हॉलंड वाचलं. १७९५ च्या जानेवारीत बर्फ टिकला आणि फ्रेंच सैन्य थेट ॲमस्टरडॅममध्ये शिरलं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन रणगाडे कीव्हकडे निघाले, तेव्हा युक्रेनने इर्पिन नदीच्या मुखाजवळचा बांध फोडला. तिथेही नदी ज्या जलाशयाला मिळते त्यापेक्षा खाली, एरवी तिचं पाणी पंपाने वर चढवावं लागायचं. बांध फुटताच जलाशयाचं पाणी उलटं खोऱ्यात आलं आणि रणगाड्यांची वाट बंद झाली. काठावरच्या देमिदिव गावातले लोक नंतर कित्येक आठवडे तळघरांतलं पाणी उपसत होते.