मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती ?

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या पुण्याच्या घरीं थोरल्या काकूंची प्रकृति एकाएकीं ढांसळली. रात्रीं दहा वाजतां लंडनला त्यांच्या मुलास दूरध्वनि केला. तेथें तेव्हां सायंकाळचे साडेपांच झाले होते. उशाशीं बसलेल्या आमच्या वडीलबंधूंनीं तोंडीं हिशेब केला : अंतर ७२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशीं ९००, म्हणजे आठ तासांत मुलगा दारांत! काकूंनाहि त्यांनीं तसें सांगून टाकलें. भागाकारांत चूक नव्हती. परंतु त्या आठ तासांपायीं सकाळीं सहापासून घरांतील प्रत्येक जण फाटकाच्या आवाजाकडे कान लावून बसला, व काकूंनीं औषध घेण्याचें नाकारलें. वाचकांच्या घरांतूनहि आतां कोणी ना कोणी परदेशीं असतोच. म्हणून तो हिशेब येथें पुन्हा मांडतों.

घरांत मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई व लंडन यांवर दोऱ्याचीं टोकें धरून दोरा ताणून पाहावा. भिंतीवरील नकाशावर ही वाट इराणचें आखात, इराक व तुर्कस्थान यांवरून गेलेली वाटते. गोलावरचा दोरा मात्र उत्तरेकडे सरकतो : सिंध, पूर्व इराण, कास्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी. ७२०० किलोमीटर हें अंतर या दोऱ्याचें आहे. विमानास ही वाट क्वचितच लाभते. युक्रेनचें आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांस बंद झालें. पाकिस्ताननें २०१९ सालीं कांहीं महिने आपलें आकाश मिटलें होतें, व एप्रिल २०२५ मध्यें भारतीय विमानांपुरतें तें पुन्हा मिटलें. दोऱ्यास अशी एक एक गांठ पडली कीं वाट शेंकडों किलोमीटरांनीं लांबते.

शिवाय वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा प्रचंड ओघ वाहत असतो. हिंवाळ्यांत त्याचा वेग ताशीं दोनशें किलोमीटरांच्याहि वर जातो. त्यामुळें लंडनला जातांना साडेनऊ-दहा तास लागतात, तर येतांना नऊच्या आसपास. माहेरची वाट जवळची, असें बायका म्हणतात, त्यास येथें वाराहि साक्ष देतो !

८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें एअर इंडिया इंटरनॅशनलचें विमान मुंबईहून लंडनला निघालें, तें कैरो व जिनीव्हा येथें थांबत गेलें. त्या मानानें आजचा प्रवास म्हणजे चमत्कारच. परंतु हा चमत्कार विमानांत पाऊल ठेवल्यावर सुरू होतो.

आमच्या पुतण्यास त्या सायंकाळच्या विमानांत जागा मिळाली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहाला, म्हणजे आपल्याकडील दुपारीं अडीचला, तो निघाला. रात्रीं साडेअकराला मुंबईस उतरला. पुढें तपासणी, सामान, आणि घाटांतील मालमोटारींची रांग. घरीं पोंचला तेव्हां पहाटेचे चार वाजले होते. दूरध्वनीपासून तीस तास. त्यांतील आकाशांतले नऊच.

काकू जाग्या होत्या. त्यांनीं मुलाच्या तोंडावरून हात फिरवला व क्षीण आवाजांत विचारलें, “आठ तास झाले का रे ?” वडीलबंधू चष्मा शोधण्याच्या निमित्तानें आंत गेले.