वेगळेपण सापडतं कुठे?

ऑगस्ट उजाडला की माझ्या इनबॉक्समध्ये निबंध यायला लागतात. बारावीतली भाचरं, मैत्रिणींच्या मुली, मराठी मंडळात एकदाच भेटलेल्या कुणाचा तरी मुलगा. इथल्या कॉलेजच्या अर्जासाठी 650 शब्दांत स्वतःबद्दल लिहावं लागतं, आणि "जरा बघून दे ना" म्हणत ते माझ्याकडे येतं. गेल्या काही वर्षांत असे बरेच वाचून झालेत. त्यातल्या निम्म्यांत डबा असतो. कॅफेटेरियात डबा उघडला, वास पसरला, कुणीतरी नाक मुरडलं, मला लाज वाटली. मग मोठं झाल्यावर त्या लाजेची लाज वाटली, आणि आता पोळी-भाजी हीच माझी ओळख.

मला या मुलांची चेष्टा करायची नाही. तो प्रसंग खरा असतो आणि त्या वयात तो लागतोही. पण 'मी इतरांपेक्षा वेगळी कशी' हे सांगायला बसलेल्या सगळ्यांनी एकच गोष्ट सांगावी, ही गंमत आहेच. गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीच्या मुलीने रात्री अकरा वाजता फोन करून विचारलं, "मावशी, पण माझ्यात युनिक असं काही नसेलच तर?" ती अगदी गंभीर होती. पॉडकास्टमध्ये आम्ही या प्रश्नावर घाईघाईत बोललो, इथे जरा निवांत लिहिते.

तिच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. वेगळेपण आपल्या आत कुठेतरी तयार पडलेलं असतं, आजीच्या पेटीतल्या ठुशीसारखं. नीट शोधलं की सापडेल, आणि नाही सापडलं तर पेटी रिकामी. 2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात जर्मन संशोधकांचा एक प्रयोग छापून आला, तो या समजुतीला छान धक्का देतो. त्यांनी 40 उंदीर घेतले, सगळ्या माद्या आणि जनुकांच्या दृष्टीने एकमेकींच्या प्रतीच. तीन महिने त्यांना एकाच मोठ्या, मजल्यामजल्यांच्या पिंजऱ्यात ठेवलं. प्रत्येकीच्या अंगात एक छोटी चिप होती, त्यामुळे कोण कधी कुठे गेली याची नोंद होत होती. दिवस गेले तसतसा त्यांच्यातला फरक वाढत गेला. काही जणी पिंजऱ्याचा कोपरान् कोपरा पालथा घालायच्या, काही ठरलेल्या जागा सोडायच्या नाहीत. ज्या जास्त पसरून हिंडल्या, त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात नव्या चेतापेशीही जास्त दिसल्या. हिंडल्यामुळे पेशी वाढल्या की पेशी वाढल्या म्हणून त्या हिंडल्या, हे एवढ्यावरून ठरत नाही. पण जनुकं तीच, घरही तेच, आणि तरी चाळीस निराळे उंदीर तयार झाले. त्यांच्यातलं वेगळेपण साचत गेलं, रोज थोडंथोडं, पावलांनी.

माणसाची अडचण एक पायरी पुढची आहे. आपणही हिंडतो, काहीतरी आपल्या डोळ्यांनी पाहतो, पण मग ते चारचौघांत सांगायची वेळ येते. गाडी अडते ती तिथे. या अडलेल्या जागेबद्दल विचार करताना मला इरावती कर्वे आठवतात.

'युगान्त'मुळे त्या आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आईवडिलांच्या कपाटात असतात. मीही त्यांना तेवढ्यापुरतीच ओळखत होते. मग 2024 मध्ये त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंतो बार्बोसा यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र इंग्रजीत आलं, आणि त्यातल्या बर्लिनच्या प्रकरणाने माझी झोप उडवली. नंतर एका कॉन्फरन्ससाठी बर्लिनला गेले तेव्हा मुद्दाम वेळ काढून डालेम भागातली ती इमारत पाहून आले. आता तिथे विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग आहे. बाहेर एक फलक आहे, आणि इमारतीत पूर्वी काय चालायचं ते त्यावर लिहिलंय.

पूर्वी तिथे कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती. 1927 मध्ये ती सुरू झाली आणि ऑयगेन फिशर तिचे संचालक होते. वंशशुद्धीच्या विचाराला शास्त्राचं पाठबळ देणाऱ्या मोठ्या नावांपैकी हे एक. 1933 मध्ये, हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, ते बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि पुढे युद्धकाळात आउशवित्झहून माणसांच्या शरीराचे नमुने याच संस्थेकडे पाठवले गेले. अशा गाईडच्या हाताखाली 1928 मध्ये तेविशीच्या आतबाहेरची एक पुण्याची मुलगी पीएचडी करायला आली.

विषय दिला गेला माणसाच्या कवटीतली असमानता. कवटीची उजवी आणि डावी बाजू अगदी सारखी नसते. फिशरांची धारणा अशी, की गोऱ्या युरोपीय माणसाची तर्कबुद्धी जास्त, मेंदूचा उजवा पुढचा भाग जास्त वाढलेला, म्हणून त्याची कवटीही जास्त असमान असणार. इरावतीबाईंनी ते मोजून दाखवायचं होतं. त्यांनी 149 कवट्या मोजल्या. त्यांत युरोपातल्या होत्या, तशा आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्याही होत्या. ज्यांच्या त्या होत्या त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं, हेही इथेच सांगायला हवं. मोजमाप झालं आणि उत्तर आलं की असमानता सगळीकडेच आहे, वंशाशी तिचा काही संबंध दिसत नाही.

तेच त्यांनी 1930 मध्ये प्रबंधात लिहिलं. फिशरांनी पदवी अडवली नाही, पण श्रेणी दिली ती सगळ्यांत खालची.

मला यात जे भावतं ते 'धाडसी भारतीय स्त्री' वगैरे नाही, तसं पोस्टर करायला हे सोपं आहे म्हणूनच. भावतं ते असं, की त्या क्षणी त्यांनी वेगळं असण्याचा काही प्रयत्न केलेला दिसत नाही. हातात मोजायचं साधन होतं, समोर कवटी होती, आकडा आला तो लिहिला. मग दुसरी कवटी. वेगळेपण लोकांना दिसलं ते शेवटी, आणि तेही बाकीचे सगळे दुसरंच म्हणत होते म्हणून.

हे सोपं वाटतं. किती अवघड आहे ते सॉलोमन अॅशने 1950 च्या दशकात दाखवून दिलं. अॅश वॉर्सात जन्मलेला, अमेरिकेत आलेला मानसशास्त्रज्ञ. त्याचा प्रयोग पोरखेळ वाटावा इतका साधा होता. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी कोणती पहिलीएवढी ते मोठ्याने सांगायचं. खोलीत सात-आठ विद्यार्थी, पण त्यांतला खरा पाहुणा एकच, बाकीचे अॅशने पढवलेले. त्या एकाचा नंबर जवळजवळ शेवटी. 18 फेऱ्यांपैकी 12 मध्ये बाकीचे सगळे एकमुखाने चुकीची रेघ सांगायचे. एरवी एकट्याने उत्तर द्यायचं असेल तेव्हा शंभरात एखादी चूकही होत नव्हती. या खोलीत मात्र साधारण 37 टक्के उत्तरं गर्दीच्या बाजूने, म्हणजे चुकीची आली.

पुस्तकांत इथेच थांबतात आणि 'माणूस मेंढरासारखा' असं लिहून मोकळे होतात. ते मला पटत नाही. एक तर जवळजवळ दोन तृतीयांश उत्तरं बरोबर होती, आणि साधारण पाव लोक एकदाही झुकले नाहीत. दुसरं म्हणजे खरी मजेची गोष्ट त्याने नंतर जे बदल करून पाहिले त्यांत आहे. पढवलेल्यांपैकी एकालाच त्याने खरं उत्तर द्यायला सांगितलं. चुका एकदम पावपटीवर आल्या. मग त्याने असा एक जण बसवला जो गर्दीपेक्षाही जास्त चुकीचं बोलायचा. तरीसुद्धा चुका खूप कमी झाल्या! म्हणजे त्या एकाने बरोबर असायचीही गरज नव्हती. सगळे एकाच सुरात नाहीत एवढं दिसलं, की समोरच्याला आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची मुभा मिळत होती.

अजून एक बदल. साथ देणारा माणूस अर्ध्या वाटेत गर्दीला जाऊन मिळाला, तर चुका पुन्हा पहिल्यासारख्या वाढायच्या. पण तोच काहीतरी काम निघालं म्हणून खोलीतून निघून गेला, तर त्याच्या असण्याचा परिणाम मागेही थोडाफार टिकायचा.

हे वाचलं तेव्हा मला दिनकर कर्वे आठवले, इरावतीबाईंचे पती. इरावतीबाईंनी जर्मनीला जावं हे सासऱ्यांना पसंत नव्हतं, आणि सासरे कोण, तर महर्षी धोंडो केशव कर्वे, ज्यांनी विधवांसाठी आणि मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं. असल्या घरातही 'नको' आलं. दिनकरराव स्वतः जर्मनीतून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले होते आणि ते बायकोच्या बाजूने उभे राहिले. पैशांची सोय जीवराज मेहतांकडून घेतलेल्या कर्जाने झाली. म्हणजे एक मत आणि एक कर्ज. 'एकटीच्या हिमतीवर' अशा मथळ्यांखाली हे तपशील नेहमी गळतात.

मी स्वतः कोणत्या टक्क्यांत मोडते तेही सांगून टाकते. काही वर्षांपूर्वी आमच्या लॅबमध्ये एका औषधाचा पेशींवर परिणाम होतो असं दिसत होतं आणि सगळे खूश होते. आम्ही 96 खणांच्या प्लेट वापरायचो. कडेच्या खणांतलं पाणी लवकर उडतं, त्यामुळे तिथल्या पेशी तशाही जरा वेगळ्या वागतात, हे काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. औषध घातलेले खण बहुतेक कडेला आहेत, हे माझ्या लक्षात आलं होतं. चक्क दोन आठवडे आधी. मीटिंगमध्ये एकामागून एक सगळे मान डोलावत गेले, माझी पाळी आली, आणि मीही डोलावली. व्हिसा, काँट्रॅक्ट, 'आपलंच काहीतरी चुकत असेल', सगळं एका सेकंदात डोक्यातून गेलं. मग मास्टर्सला नुकतीच आलेली एक मुलगी म्हणाली, "मला कदाचित कळलं नसेल, पण कडेचे खण..." तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी म्हणाले, "हो, मलाही तेच वाटतंय." प्लेट नव्याने मांडून प्रयोग परत केला तेव्हा तो परिणाम जवळजवळ नाहीसा झाला.

त्या दिवशी मी दुसरी होते. पहिली असते तर बरं वाटलं असतं, पण दुसरी असण्यालाही काम आहे. खोलीत दोघी झाल्यावर तिसऱ्याने लगेच आपली जुनी शंका बाहेर काढली.

इरावतीबाईंना देव्हाऱ्यात बसवायचा मोह होतो, म्हणून पुढचंही सांगते. फिशरांची धारणा खोटी ठरवून त्या परत आल्या, पण माणसं मोजायची पद्धत त्यांनी टाकून दिली नाही. पुढे कितीतरी वर्षं महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या जातींच्या लोकांची डोकी, नाकं, उंची त्या मोजत राहिल्या. आजचा कुठलाही मानववंशशास्त्रज्ञ त्याकडे पाहून अस्वस्थ होईल. आणि त्याच कामातून त्यांनी आपले मुंबईचे गुरू गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याशीही मतभेद घेतला: जाती म्हणजे एका मोठ्या समाजाचे तुकडे नसून मुळात वेगवेगळे असलेले गट जवळ येऊन राहिले आहेत, असं त्या म्हणाल्या. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या काही बायकांपैकी त्या एक, आणि पंढरीच्या वारीतही चालल्या. एकीकडे नवी वाट आणि दुसरीकडे मळलेली, एकाच वेळी, एकाच बाईत. मला तर यात दिलासा वाटतो. माणूस अख्खाच्या अख्खा ओरिजिनल असत नाही. कुठल्या तरी एका गोष्टीत, जिथे त्याने स्वतः नीट पाहिलेलं असतं तिथे, तो असू शकतो.

तर भाचीला मी विचारलं, "सगळे एक म्हणत होते आणि तू स्वतः बघितल्यावर तुला दुसरंच दिसलं, असं शेवटचं कधी झालं?"

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, तसं फालतू आहे, पण गणपतीत झालं होतं. त्यांच्या मंडळात दरवर्षी जेवणाच्या वेळी माइकवरून सांगतात की मुलं ताटात फार टाकतात, आईवडिलांनी लक्ष द्यावं. हिला राग आला. हिने आणि हिच्या मैत्रिणीने मुलांच्या टेबलांजवळ आणि मोठ्यांच्या टेबलांजवळ वेगवेगळ्या कचऱ्याच्या पिशव्या लावल्या, माणसं मोजली, आणि शेवटी पिशव्या घरच्या वजनकाट्यावर ठेवल्या. माणशी हिशोब केला तर मोठ्यांचंच पारडं जड. मसालेभातच जास्त होता म्हणे.

"मग हे निबंधात का नाही?"

"अगं, त्यात आयडेंटिटी वगैरे काही नाहीये ना. नुसता कचरा आहे."

आठवड्याने नवा मसुदा आला. डबा गेला होता. पहिल्याच ओळीत वजनकाटा होता आणि तिसऱ्या परिच्छेदात मैत्रीण. खाली एक प्रश्न लिहिला होता: मावशी, माइकवर बोलणाऱ्या काकांचं नाव घालू का?

मी कळवलं, नाव नको, पिशव्यांची वजनं घाल.